फक्कीच्या भिंती

ज्या माणसाने मला घर म्हणजे काय ते शिकवले, त्याच्या स्वतःच्या घरात शिरताना प्रत्येक पाहुण्याचे कपाळ आपटायचे. चौकटच ठेंगणी होती. पाहुणा आत येऊन कपाळ चोळत बसला की यजमान समाधानाने विचारीत, "लागलं? बरं झालं. आता हे दार तुमी जन्मात इसरणार न्हाई." लगेच आतून काकूंचा आवाज येई, "दार इसरले तरी टेंगूळ हाय की ध्यानात ठिवायला!"

हे आमचे नक्शेसाहेब. खरे नाव सांगत नाही. बीडमध्येही ते कुणी घेत नसे. निजामाच्या राज्यात सरकारी बांधकामांचे तामीरात नावाचे खाते होते. त्या खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली आणि पेन्शन घेऊन ते बीडला राहिले. डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी, अंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेली शेरवानी आणि खाली आपले साधे धोतर. "वरून हैदराबाद, खालून बीड," असे काकू म्हणत. काखेत छत्री. ती उन्हापावसात उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती त्यांचा मोजायचा गज होती, छडी होती आणि हवेत घर काढायची लेखणीही होती. रस्त्याने जाताना ते एखाद्या घरासमोर थांबत, छत्रीने त्या घराला हवेतल्या हवेत खिडकी पाडत, मान हलवत आणि पुढे जात. घरमालक ओट्यावर बसून हे बघत असे. एकाने एकदा विचारले, "साहेब, खिडकी पाडली ते ठीक. तिला गज कधी बसवता?"

"गज कशाला? तुज्याकडं चोर यील कावून? हाय काय न्यायला!"

कुणाच्याही घरी गेले की ते आधी आडवे होत. जमिनीवर, उताणे, टोपी पोटावर ठेवून. परळीला आमच्या अडतीच्या दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हाही ज्वारीच्या पोत्यांमधून वाट काढत थेट मधोमध जाऊन पसरले. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तोंडचे पाणी पळाले.

"अरे, पाणी आणा कुणीतरी! साहेबांना चक्कर आली!"

"चक्कर न्हाई," खालून शांत आवाज आला. "छत बघतोय. माणूस आजारी पडल्यावर दुसरं काय बघतो? अन् शेटजी, तुमच्या छतात एक बी गोष्ट बघण्यासारखी न्हाई. तुमी आजारी पडू नका."

आबांनी ही ताकीद वैद्याच्या पथ्यासारखी पाळली. पुढे ते आजारी असे पडलेच नाहीत. याचे श्रेय मी आजही नक्शेसाहेबांना देतो.

आता त्यांच्या पदरी मी कसा पडलो ते ऐका. मी इंग्रजी मुलखात इमारतींची विद्या शिकत होतो. बाहेरून इमारत कशी उभी करायची आणि आतून ती कशी लावायची, दोन्ही. आमच्याकडून असले काही शिकायला तोवर कुणी गेले नव्हते, त्यामुळे परळीत माझा लौकिक 'गवंडीकाम शिकायला रेल्वेनं गेलेलं पोरगं' एवढाच होता. माझा स्वतःविषयीचा अंदाज याहून बराच मोठा होता. मी खांब सुरेख काढी. कमानी तर अशा, की वर्गातली मुले येऊन बघत. मग शेवटच्या वर्षी परीक्षकांनी माझ्या नकाशाखाली शेरा मारला: 'रेखाटन उत्तम. मात्र या घरात कुणीही राहत नाही.' आणि मला नापास केले.

एक संधी मिळाली. सुट्टीत खऱ्या कुटुंबासाठी खरे घर काढायचे, आतल्या सामानसुमानासकट. आणि आम्ही हेच घर बांधणार, असे त्या कुटुंबाने कबूल केले पाहिजे. साधले तर सनद. नाही तर शाळेतून नाव कमी.

आबांचा निवाडा याहून सोपा होता. "साधलं तर आनंद हाय. न्हाई तर दुकानात तराजूच्या काट्यावर येऊन बस. ज्वारीला कमान लागत न्हाई."

एवढे बोलून त्यांनी मला सर्व्हिस मोटारीत घातले आणि बीडला नक्शेसाहेबांकडे पाठवून दिले.

कपाळ चोळत मी आत गेलो आणि माझा सर्वांत देखणा नकाशा नक्शेसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि त्याने वारा घेऊ लागले. वैशाख होता.

"वारा बरा येतो," ते म्हणाले. "कागद चांगला हाय."

"साहेब, नकाशा..."

"कागद लई गरीब जनावर हाय बे. त्याच्यावर काय बी लादा, हू का चू करत न्हाई. मी एक डाक बंगला काढलता. काय तो नक्शा! वरपर्यंत वाहवा झाली. बंगला उभा राहिला, मोठे साहेब मुक्कामाला आले, रात्री पलंगावर आडवे झाले, अन् दार लागंना. पाय दारात. रातभर चपराशी पायाशी बसला, कुत्रं चाटू नये म्हणून. त्या दिवसापासून कागदावर माजं इमान न्हाई."

त्यांचे इमान होते फक्कीवर. फक्की म्हणजे विरलेल्या चुन्याची पांढरी भुकटी. घर कागदावर छोटे काढायचेच नाही. ते मोकळ्या जमिनीवर, फक्कीच्या रेघांनी, खरे असेल तेवढे मोठे आखायचे. त्यात खरे सामान मांडायचे. आणि ज्यांचे घर, त्यांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या रेघांच्या घरात राहून दाखवायचे. भिंत ती भिंत आणि दार ते दार. जे घर फक्कीत टिकेल तेच विटांत बांधायचे. "आधी माणसं बसव," ते म्हणत, "मग सामान लाव. भिंती आपोआप कळतात कुठं उभं राहायचं ते."

माझे हे शिक्षण चालू असताना आमच्या डोळ्यांतून सारखे पाणी गळत असे. हे गुरुभक्तीचे नव्हे, धुराचे. साहेबांच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. चुलीचा धूर आधी स्वयंपाकघर भरून टाकी, मग माजघरात येई, मग बैठकीत येऊन पाहुण्यांची विचारपूस करी आणि मगच समोरच्या दारातून बाहेर पडे. काकू लग्न होऊन आल्यापासून एक खिडकी मागत होत्या. साहेबांनी त्या खिडकीचे किती नमुने काढले असतील! कमानीची, जाळीची, झरोक्याची. एकही मनास येईना. साऱ्या बीडला हवेत खिडक्या वाटणारा हा माणूस स्वतःच्या भिंतीला हात लावायला घाबरत होता. "एकदा पाडली की पाडली. मग फिरवता येत न्हाई," असे तो चाचरत म्हणे.

काकूंनी पहिल्याच दिवशी मला चहा देताना करार केला. "हे बग, तू पास झालास की माजी खिडकी तूच पाड. ह्यांच्या हातून ह्या जन्मी व्हायची न्हाई."

"अन् नापास झालो तर, काकू?"

"तर मग बस काट्यावर, अन् मी बसते धुरात."

झाले. माझ्या सनदेला आता काकूंचे डोळेही बांधले गेले.

कुटुंब मिळाले सिरसाळ्याचे. दोघे भाऊ, त्यांच्या बायका आणि म्हातारी आई. शेतीवाडी भरपूर. जुने घर अपुरे पडायला लागले म्हणून शेताच्या कडेला नवे बांधायचे होते. माल आमच्या अडतीवर यायचा, म्हणून आबांच्या शब्दाखातर दोघे तयार झाले. मी आठवडाभर बसून घर काढले. समोर खांबांचा दिवाणखाना, त्याला दोन्ही बाजूंनी भावांच्या खोल्या, स्वयंपाकघर पार मागे, नजरेआड. साहेबांनी नकाशा पाहिला आणि फक्त विचारले, "आई कुठं बसती?"

"जिथं आवडेल तिथं बसतील की."

"हं," ते म्हणाले. "घाल फक्की."

फक्कीची पोती मोटारीच्या टपावर टाकून आम्ही सिरसाळ्याला गेलो. सुगी संपली होती. सारवलेले खळे रिकामे, आरशासारखे. दोरी लावून मी त्यावर माझे घर आखले. पांढऱ्या रेघांत माझा दिवाणखाना उन्हात असा झळकू लागला, की मलाच भरून आले. मग जुन्या घरातून सामान आले. बाजा, जाते, पाण्याचा रांजण, ज्वारीची कणगी. स्वयंपाकघराच्या जागी खरी चूल मांडली. बघायला गाव लोटला.

साहेब छत्री घेऊन मधोमध उभे राहिले. नाटक कंपनीचा मालकसुद्धा इतक्या ऐटीत उभा राहत नसेल.

"चला! घर सुरू!"

धाकटा भाऊ हसत हसत रेघ ओलांडून आत आला. साहेब ओरडले, "भिंतीतून आलास बे? भूत हायस का? जा, दारातून ये!" तो खरोखर वळसा घालून दारातून आला. दारात वाकलासुद्धा. लोकांनी टाळ्या पिटल्या. एक धनगर कडेने शेरडे नेत होता. त्याने हात जोडले, "साहेब, माजी शेरडं तुमच्या भिंतीतून गेली जी."

"शेरडांना माफ हाय. तू मात्र दारातून जा."

आणि तोही बिचारा पुढच्या दारातून आत, मागच्या दारातून बाहेर असा गेला, जाताना दिवाणखान्यातल्या मंडळींना रामराम करून.

मग माझे घर नापास व्हायला सुरुवात झाली. स्वयंपाकघर मागे आणि विहिरीची वाट पुढून. धाकटी सून पाण्याची घागर घेऊन आली, तर दिवाणखान्यात गावची वडीलधारी मंडळी बसलेली. त्यांच्यापुढून जायचे कसे? ती पदर ओढून दारातच उभी राहिली. घागर डोक्यावर, ऊन डोक्यावर.

"आत ये की गं," म्हातारी म्हणाली.

"आत्याबाई, कुणीकडून येऊ? सारे मामंजी वाटंतच बसलेत!"

त्या वडीलधाऱ्यांनाही अवघडल्यासारखे झाले. एक जण उठून जाऊ लागला, तर साहेबांनी त्याला छत्रीने अडवले. "तिकडं भिंत हाय." बिचारा परत बसला. मी खांबाच्या रेघेला टेकायला गेलो आणि मागे पडलो. हसू नका. त्या घटकेला मला तो खांब खरोखर दिसत होता.

पण खरा घाला पुढेच होता. मावळतीकडच्या खोलीत थोरला भाऊ बाजेवर बसला होता. त्याने घाम पुसला आणि पलीकडे बघितले.

"माज्या खोलीत मावळतीचं ऊन येणार, अन् ह्याच्या खोलीत वारा. हे कावून?"

"दादा, वारा काय मी बोलावला का?" धाकटा म्हणाला.

"सकाळी साहेबांना चहा कुणाच्या बायकूनं दिला, ते मी बघितलंय!"

"चहा दिला म्हणून वारा मिळतो व्हय?"

शब्दाला शब्द लागला. बांध आले, बैल आले, कुठल्याशा लग्नातले राहिलेले मानपान आले, आणि बघता बघता थोरला उभा राहून ओरडला, "बास! वाटणी करा! ह्या घराची आत्ताच्या आत्ता वाटणी करा!"

ज्या घराची अजून एक वीट पडली नव्हती त्याची वाटणी! लोक हसले. मला हसू येईना. भाऊ वेगळे निघाले तर घर नाही. घर नाही तर सनद नाही. मला नजरेसमोर आबांचा काटा दिसू लागला, आणि त्या काट्यामागे धुरात बसलेल्या काकू. मी साहेबांना म्हणालो, "काहीतरी समजावा ना त्यांना!"

"समजवायचं काय त्यात? घरातले लोक वाटणी मागतात, आपण करून द्यायची," ते म्हणाले, आणि फक्कीचे घमेले घेऊन निघाले.

त्यांनी घर मधोमध कापले. दिवाणखान्यातून सरळ, स्वयंपाकघरातून सरळ. चूल धाकट्याकडे गेली. कणगी आणि रांजण थोरल्याकडे. "ही भिंत," ते गंभीरपणे सांगत होते, "हिला दार न्हाई." रेघ पुढे सरकत सरकत म्हातारीपाशी आली. ती नेमकी वाटेत बसली होती.

"माय, उठा. भिंत येतीया."

"येऊ द्या की. मी कुठं अडवलंय?" ती म्हणाली आणि बसूनच राहिली.

साहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी रेघ तिच्यापाशी सोडली आणि तिच्या पलीकडून पुन्हा सुरू केली.

दुपार झाली. थोरल्या सुनेकडे पीठ होते, विस्तव नव्हता. धाकटीकडे विस्तव होता, पीठ नव्हते. दोघी जावा रेघेच्या दोन बाजूंना बसून एकमेकींकडे बघत होत्या. भाऊ पाठ फिरवून बसले होते. पोटात कावळे ओरडत होते, पण हटणार कोण? गावही घरी जाईना. हे काय होते ते सोडून कोण जाईल?

तेवढ्यात म्हातारी उठली. चाचपडत थोरलीकडे गेली, पिठाची परात उचलली आणि पाय ओढत चुलीकडे निघाली, थेट वाटणीच्या भिंतीवरून. फरफटत्या पावलांखाली पांढरी रेघ पुसत गेली.

"माय!" थोरला ओरडला. "भिंत हाय तिथं!"

ती थांबली. "आसंल बाबा. मला मोतीबिंदू हाय. मला काय दिसतंय? निस्ती सावली दिसती. तू दारात आलास की लांब सावली पडती, त्यो आला की आखूड पडती. तेवढ्यावरून मी वळखते, कोणचं लेकरू आलं ते. तुमच्या ह्या भिंतीची तर सावलीच पडंना, तर मला कळावं कसं?"

म्हातारीने चुलीपाशी परात ठेवली आणि धाकट्या सुनेला म्हणाली, "तवा ठेव." पहिली भाकरी तव्यावर पडली. मग थोरला उठला, आपल्या दारातून बाहेर पडला, साऱ्या घराला वळसा घातला, धाकट्याच्या दारातून वाकून आत आला आणि ताटावर बसला. धाकट्याने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

नक्शेसाहेबांनी टोपी काढली. एरवी ती ते फक्त छत बघताना काढीत. "मियाँ," ते हळूच मला म्हणाले, "बघितलंस, आई कुठं बसती? आता घर काढ."

मी सगळे पुसले आणि नव्याने आखायला घेतले. या वेळी आधी म्हातारीची जागा धरली. तिच्यापुढे चूल, म्हणजे स्वयंपाकघर घराच्या मध्ये. त्याला समोरासमोर दोन दारे, एक थोरल्याच्या बाजूला, एक धाकट्याच्या. उजेड असा, की जो दारात येईल त्याची सावली तिच्या पुढ्यात पडावी. विहिरीची वाट मागून. खांब एकही नाही. दुसऱ्या दिवशी ती माणसे त्या घरात दिवेलागणीपर्यंत राहिली आणि कुणी कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी थोरला म्हणाला, "हेच बांधू." धाकटा म्हणाला, "दादा म्हणतो ते." माझ्या मते आमच्या जिल्ह्यात हे वाक्य क्वचितच ऐकू आले असेल.

परीक्षेच्या दिवशी माझे कागद भिंतीवर टांगलेले. तेच परीक्षक, जाड भिंगांचा चष्मा, हातात पेन्सिल. त्यांनी स्वयंपाकघरावर पेन्सिल टेकवली. "हे मध्येच कशाला? आणि एकाला दोन दारे? जागेची उधळपट्टी आहे."

मला दिसत होते फक्त खळे. मी फळ्याजवळचा खडू उचलला, गुडघ्यांवर बसलो आणि परीक्षेच्या त्या गुळगुळीत फरशीवर स्वयंपाकघर आखायला लागलो, खरे तेवढे. चुलीच्या जागी कचऱ्याची टोपली. म्हातारीच्या जागी एक स्टूल. मुले आ वासून बघत होती. परीक्षक "हा काय प्रकार?" म्हणत माझ्याकडे आले, सरळ रेघ तुडवत.

माझ्या तोंडून साहेबांचाच आवाज फुटला. "भिंतीतून आलात सर! दारातून या!"

मला वाटले, संपले. परीक्षकांनी खाली पाहिले. एक पाय उचलला. मागे सरले. मग वळसा घालून दारापाशी गेले आणि हवेत दोनदा टकटक केली.

"या," मी म्हणालो.

ते आत येऊन स्टुलावर बसले. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड होताच. मी एका दारात उभा राहिलो, मग दुसऱ्यात. माझी सावली दोन्ही वेळा त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"इथे कोण बसतं?" त्यांनी विचारले.

मी म्हातारीची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे या घरात राहतं कुणीतरी."

सनद घेऊन मी बीडला धावलो. घाईत कपाळ पुन्हा आपटले. फरशीवर खडूने घर आखल्याचे सांगत साहेबांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. त्याने वारा घेत त्यांनी विचारले, "परीक्षक दारातून आला?"

"आला साहेब. टकटक करून."

"मग पास," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. धूर फार होता. डोळ्यांचे काही सांगता येत नाही.

आयुष्यात मी पुढे पुष्कळ घरे बांधली. त्यांत माणसे नांदली, भांडली, आजारी पडली, छताकडे बघत बरी झाली. कुठल्याही घरात मी विचारत नाही, दिवाणखाना किती मोठा पाहिजे. मी विचारतो आई कुठे बसते. लोकांना वाटते, काय हुशार माणूस आहे! मी हसून मान्य करतो आणि मनातल्या मनात एका लाल टोपीला सलाम करतो.

पण माझे पहिले काम त्याच दिवशी झाले. काकू पदर खोचून समोर येऊन उभ्या राहिल्या. "झालास ना पास? चल."

"आधी फक्की!" साहेब ओरडले. "फक्कीत बघू या! दोन दिवस राहू द्या!"

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीशेजारी कमरेएवढ्या उंचीवर, फक्कीने चौकोन काढला. साहेब कधी जवळून, कधी लांबून बघत होते. "थोडी डावीकडं... न्हाई, उजवीकडं... कमान देऊ या का?"

काकूंनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि चौकोनाच्या मधोमध हाणली.

"अगं, थांब! थांब सरकार! भाईरून कसं दिसतं ते तर बघू दे!" असे म्हणत साहेब गल्लीत धावले. मी आतून हात लावला. माती पडली, दगड निघाला, आणि उन्हाचा एक लख्ख पट्टा थेट काकूंच्या तोंडावर आला. धूर क्षणभर बिचकला आणि मग निमूटपणे बाहेर निघाला. त्या धुरात, भगदाडापलीकडे, धुळीने पांढरी झालेली लाल टोपी उगवली. खाली नक्शेसाहेबांचा चेहरा, लग्नातल्या नवऱ्या मुलासारखा फुललेला.

"वा! काय जागा साधली! कोण म्हणतं फक्की पाहिजे?" असे म्हणत त्यांनी आनंदाच्या भरात धोतर सावरले, छत्री आत टाकली आणि एक पाय खिडकीतून आत घातला.

काकूंनी पहार खाली ठेवली. डोळे पुसले.

"भूत हाय का तुमी?" त्या म्हणाल्या. "दारातून या."